कौल सोडून उठले तेव्हा

देवाला प्रश्न विचारायची खोड मला सासरी लागली. माहेरी आम्ही देवापुढे हात जोडायचो, फार तर नवस बोलायचो. पण सासरचं मूळ गाव वळसंगच्या पुढं, कानडी मुलखाच्या तोंडाशी, आणि तिथल्या मळसिद्धाच्या देवळात कौल लावायची रीत. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, प्रश्न बोलायचा आणि समोर बसून राहायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पेरणी कधी करायची, मुलगी कुठं द्यायची, घर कधी बांधायला घ्यायचं, सगळं त्या दोन फुलांवर. एक नियम मात्र कडक होता. कौल लावला की फूल पडेपर्यंत उठायचं नाही. मध्येच उठणं म्हणजे देव बोलत असताना पाठ फिरवणं, असं सासूबाई म्हणायच्या, आणि आमच्या घरात तसं कुणी कधी केलं नव्हतं.

माझे मालक आजारी पडले तेव्हाही मी कौल लावला होता. उजवं फूल पडलं. मी हरखून सोलापूरला आमच्या घरी परत आले, आणि पंधरवडा सरला नाही तोच ते गेले. देवानं खोटं सांगितलं असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. विचारण्यात माझंच काही चुकलं असेल अशी मी मनाची समजूत घातली आणि पुढंही विचारत राहिले. पण तेव्हापासून आत एक कुसळ रुतलं ते रुतलंच. उजवं फूल पडलं तरी माझा जीव भांड्यात पडत नसे, आणि डावं पडलं की मात्र काळजात धस्स व्हायचं. म्हणजे देवाच्या नकारावर माझा पूर्ण विश्वास आणि होकारावर नाही. अशी माझी भक्ती.

मालकांच्या मागं घरात आम्ही तिघं उरलो. मी, माझा दीर आणि त्याची बायको शैला. दीर मालवाहू टेम्पो चालवतो. आम्ही दोघी जावा घरीच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून दुकानांना देतो. भाकरी माझी, चटणी तिची. जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात, आणि आमचंही काही रोज पटत नाही. ती लसूण जास्त घालते, मी बोलते, ती ऐकत नाही, आणि दुकानदार सांगतो की चटणी एक नंबर झाली. मग ती माझ्याकडे बघून नुसती हसते. पण मालक गेल्यावर कित्येक दिवस मी जेवत नव्हते, तेव्हा माझ्यापुढं ताट ठेवून स्वतःही उपाशी बसायची ती हीच. "अक्का, तुमी खाल्ल्याबिगर मी खात न्हाय, आणि मला तर लई भूक लागलीया," असं म्हणायची. मला मूलबाळ नाही. शैला माझी कोण, हे मला नीट सांगता येणार नाही, पण तिच्याशिवाय ते घर मला घर वाटलं नसतं.

एके सकाळी शेंगा कुटताना तिच्या उजव्या हातातून मुसळ सुटलं. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटलं. मग बोलताना तिला साधे शब्द सापडेनात, मिठाला ती ‘ते पांढरं’ म्हणायला लागली. तपासण्या झाल्या आणि डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण गाठ पुरती काढता येण्याजोगी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज रेडिएशन, सोबत रोज गोळ्या, आणि आठवड्याला रक्त तपासायचं. कारण या उपचारानं गाठीबरोबर रक्तही खचतं.

रेडिएशनसाठी तिच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा केला होता. तो घालून तिला टेबलाला जखडत, म्हणजे डोकं तसूभरही हलू नये. बाहेर आली की गालांवर त्या जाळीचे वळ उठलेले असायचे. "आज नक्षी बरी उमटलीया का, अक्का?" असं ती विचारायची, आणि मी "बरी हाय की" म्हणून पदरानं तिचा चेहरा पुसायची. डोळे मात्र मी दुसरीकडे करायची.

आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट यायचा त्या दिवशी माझं काही खरं नसायचं. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हे शब्द मला तेव्हाच कळले. मला त्यातलं एवढंच समजायचं की आकडा वर गेला की बरं आणि खाली आला की वाईट. तेही पुरतं खरं नव्हतं. एकदा पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून मी पेढे वाटायला निघाले, तर डॉक्टर म्हणाले, ते सूज उतरायच्या औषधामुळं आहे, त्यात आनंद मानण्यासारखं किंवा भिण्यासारखं काही नाही. पण माझी खोड जाते कुठं? रिपोर्ट म्हणजे माझ्या लेखी दर आठवड्याचा कौलच झाला होता.

उपचारांच्या सुरुवातीलाच एक तरुण डॉक्टरीणबाई भेटायला आल्या होत्या. त्यांचं संशोधन चाललं होतं. गाठीच्या काही बारीक खुणा रक्तात उतरतात, रेडिएशन सुरू असताना त्या कमी-जास्त होतात का, आणि त्यावरून उपचार लागू पडतोय का ते आधी ओळखता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी रक्ताची एकेक जादा नळी हवी होती. द्यायची की नाही ते शैलाच्या मर्जीवर. मी लगेच विचारलं, मग गाठ हटतेय का ते आम्हाला कधी कळणार? त्या म्हणाल्या, कळणार नाही. या खुणांवर किती विसंबायचं तेच अजून ठाऊक नाही, म्हणून पेशंटला काही सांगत नाही. पुढं येणाऱ्यांना कदाचित उपयोग होईल. माझं डोकं फिरलं. "म्हणजे रक्त आमचं आणि उत्तर तुमचं?" मी म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. "उत्तर अजून कुणाचंच नाही, काकू," एवढंच म्हणाल्या. मी शैलाला डोळ्यांनी नको नको म्हणत होते आणि तिनं तोवर बाही वर केलीसुद्धा. मला फार राग आला तिचा. ज्याचं उत्तर मिळणार नाही असा प्रश्न विचारायचाच कशाला, हे मला समजतच नव्हतं.

रागाचा विषय निघालाच आहे तर वैरागकरांचंही सांगते. त्यांचं नाव पुढं कळलं, पण आमच्यात ते वैरागकरच. वैरागच्या बाजारात त्यांची आडत होती आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचं रेडिएशन शैलाच्या आधी असायचं. हा माणूस वेटिंग हॉलमध्ये बसून फोनवर तुरीचे भाव अशा आवाजात सांगायचा की वैरागला फोनशिवायही ऐकू जावं. आजारी माणसं डोकं धरून बसलेली आणि यांची पोती मोजणं चाललेलं. एक दिवस मी उठून म्हणालेच, "अहो, हा दवाखाना हाय, मोंढा न्हाय." ते म्हणाले, "बरं बरं, चुकलं वयनी," आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेवढ्याच आवाजात बोलू लागले. शैलाला हसू आवरेना. मी मात्र त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं.

निम्मे उपचार झाले आणि शैलाचा आकडा घसरायला लागला. आधी पांढऱ्या पेशी, मग प्लेटलेट. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि सोमवारी रक्त पुन्हा बघून पुढचं ठरवू म्हणाले. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. "अक्का, आता बास," म्हणाली. "मला घरीच राहू द्या." तिच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकत होते. दिरानं माझ्याकडे पाहिलं. तो मोठा धिप्पाड माणूस, पण त्या वेळी त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "वयनी, मला काय सुचंना झालंय. तुमीच ठरवा," तो म्हणाला. उपचार पुढं न्यायचा की थांबवून तिला घरीच ठेवायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो माझ्या पदरात पडला. ती माझ्या शब्दावर गेली असती किंवा थांबली असती. मला ते ओझं पेलवेना. मी दिराला सांगितलं की सोमवारी तू तिला रक्त द्यायला घेऊन जा, मी मळसिद्धाला विचारून येते. मी येईपर्यंत काही ठरवू नका.

सोमवारी सकाळच्या गाडीनं गावी पोचले. देवळाचे पुजारी गुरवमामा आता फार थकलेत. त्यांचे हात थरथरतात म्हणून फुलं त्यांनी माझ्याच हातात दिली. "तूच लाव, सूनबाई. फोन बंद कर आधी. देवाला इचारताना दुसऱ्याचा आवाज नगं," म्हणाले. मी फोन बंद करून पिशवीत टाकला, पिशवी बाहेर खुंटीला अडकवली. फुलं पाण्यात बुडवली आणि लावताना मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते, आणि थोडं हसूही येतं. डावं फूल मी अंगठ्यानं चांगलं दाबून लावलं. उजवं नुसतं टेकवलं. उपचार पुढं न्यायचा का, याला मला होकार हवा होता आणि तो मिळावा अशी सोय मी देवाच्याच अंगावर करून ठेवत होते. मागून मामांचा आवाज आला, "दाबून लावलंस व्हय गं?" मी ऐकलं नाही असं दाखवून बसले.

फूल पडेना. नुसतं टेकवलेलं उजवं फूलही पडेना. पाणी सुकलं, पाकळ्या कडेला मलूल झाल्या, समईत मामांनी दोनदा तेल घातलं. मी हात जोडून बसले होते, मांड्या बधिर झाल्या होत्या. आधी मी देवाची विनवणी केली. मग भांडले. मालकांच्या वेळी तू मला हो म्हणालास, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर बोलले. मग रडले. मूर्ती जशीच्या तशी. इतकं एकटं मला मालक गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. कारण तेव्हा उत्तर चुकीचं होतं, पण उत्तर होतं. आता कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

दुपार कलली तेव्हा मामा लगबगीनं आत आले. माझा फोन लागत नाही म्हणून दिरानं त्यांच्या घरी फोन केला होता. शैलाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर लाल ठिपके उठले होते. प्लेटलेट फारच खाली गेल्या होत्या आणि तातडीनं चढवायच्या होत्या. रक्तपेढीत तिच्या गटाच्या तयार नव्हत्या, दाता शोधा म्हणत होते. मी उठायला गेले आणि माझी नजर खांद्यांवरच्या फुलांकडे गेली. पाय तिथंच अडकले. खरं सांगते, जिच्यासाठी आले होते तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि मी फुलांकडे बघत उभी होते.

"मामा, कौल मोडतोय," मी म्हणाले.

मामांनी माझा दंड धरला. इतक्या थरथरत्या हातात तेवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "इरली बिडु," ते कानडीत म्हणाले. असू दे, सोड. मग मराठीत म्हणाले, "देव कुटं पळून जातोय व्हय? हितंच हाय त्यो. तू जा." आणि मी गेले. सासूबाईंच्या घरातली, कौल अर्धा टाकून उठलेली पहिली बाई. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना वाटलं, आता माझं बोट सोडून देव मोकळा झाला.

प्रवासी भरून नेणारी वडापची जीप मिळाली. सोलापूर येईपर्यंत मी कुठलाच नवस बोलले नाही. सुचलाच नाही. तिच्याजवळ जायचंय, एवढंच डोक्यात होतं. दिराचा गट जुळत नव्हता, माझा जुळत नव्हता हे मला आधीच माहीत होतं. त्याच्या ओळखीचे दोघेतिघे येऊ बघत होते, पण कुणी गाडीवर बाहेरगावी, कुणाला ताप. मी रक्तपेढीच्या दारातून आत धावले आणि थबकले. खुर्चीत वैरागकर आडवे झाले होते. हात पुढं पसरलेला, हातातून निघालेली नळी एका यंत्रात गेलेली. ते यंत्र रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून बाकीचं रक्त पुन्हा त्यांच्याच अंगात सोडत होतं. फोन बाजूच्या टेबलावर पालथा ठेवला होता आणि माणूस चक्क गप्प होता.

दिरानं नंतर सांगितलं ते असं. हॉलमध्ये त्याला रडू फुटलं. वैरागकरांनी काय झालं ते विचारलं आणि तिथंच उभं राहून आपल्या त्या आवाजात बाजारातल्या माणसांना फोन करायला लागले, अमुक गट हवा, गाडी काढा आणि या. दोन-तीन फोन झाल्यावर एकदम थांबले. "अरं, माझाच गट त्यो हाय की," म्हणाले आणि वडिलांना बाकावर बसवून दिराबरोबर चालायला लागले. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. तेच म्हणाले, "वयनी, आज मोंढा बंद हाय बघा." मी तोंडाला पदर लावला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, पोटभर रडले. त्यांच्या वडिलांना मग मीच चहा पाजला.

संध्याकाळी शैलाच्या हाताला प्लेटलेटची पिवळसर पिशवी लावली. मी उशाशी बसले होते तेव्हा गुरवमामांचा फोन आला. शैलाची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "सूनबाई, तू गेल्यावर फूल पडलं बरं का." ज्या उत्तरासाठी दिवसभर बसले होते ते फोनच्या पलीकडे होतं. मी शैलाकडे पाहिलं. पिशवीतून एकेक थेंब तिच्या अंगात उतरत होता. आणि मला त्या थेंबांपलीकडचं काही विचारावंसं वाटेना. का, ते मला सांगता येत नाही. "मामा, कुठलं पडलं ते नका सांगू," मी म्हणाले. मामा हसले असावेत. "इरली बिडु," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं शैलानं स्वतःच ठरवलं. हिरड्यांतलं रक्त थांबल्यावर मला म्हणाली, "अक्का, त्या मानसानं वळख ना पाळख, हात पुढं केला. आता मी कसा मागं घिऊ?" काही दिवसांनी आकडा सावरला आणि मधे थांबवलेलं रेडिएशन गोळ्यांवाचून पुन्हा सुरू झालं. मी रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात द्यायची, ते सांगतील ते करायची. भीती गेली होती असं नाही. पण कागद उलटापालटा करून त्यात देवाचं तोंड शोधणं मी सोडलं. शेवटच्या दिवशी त्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा शैलाची बाही मीच वर केली. नळी भरत आली तशी शैला म्हणाली, "अक्का, ह्यातलं उत्तर मामांकडं ठिवायचं का, त्या फुलासंगं?" बाईंना काही कळलं नाही. आम्ही दोघी मात्र खूप हसलो.

वैरागकरांच्या वडिलांना पुढं देवानं नेलं. आम्ही चटणी-भाकरी बांधून भेटायला गेलो होतो. वैरागकर फारसं बोलले नाहीत, आणि त्यांचा तो मोठा आवाज ऐकू यावा असं मला मनापासून वाटलं. निघताना शैलाला म्हणाले, "वयनी, तुमी बऱ्या ऱ्हावा म्हंजे झालं." ज्यांनी आम्हाला दिलं त्यांच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न परतीच्या वाटेवर मला फार छळत होता. आजही छळतो. देवाचा हिशेब मला समजला असं मी म्हणणार नाही. माझ्या हाकेला तो मूर्तीतून बोलला नाही. पण त्याच दुपारी, मी त्याच्याकडे पाठ फिरवून निघालेली असताना, ज्याच्याकडे मी बघतही नव्हते अशा माणसाचा हात त्यानं शैलासाठी पुढं केला. मी याला कृपा म्हणते. दुसऱ्या कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

शैलाची गाठ आहे तिथं आहे, सध्या शांत आहे. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. चटणी आता मी कुटते आणि ती बाजूला बसून लसूण जास्त घालायला लावते. मध्यंतरी आम्ही दोघी मळसिद्धाला जाऊन आलो. मामांनी सवयीनं दोन फुलं पुढं केली आणि विचारलं, "काय इचारायचंय का?" मी नाही म्हणाले. एक फूल मी पायांवर ठेवलं. दुसरं शैलानं घेतलं, पण उजव्या हाताला अजून बळ नाही, फूल तिच्या बोटांतून निसटून खाली पडलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. कुठल्या बाजूला पडलं ते बघायला मामाही वाकले नाहीत, मीही नाही. मी ते उचललं, पुन्हा तिच्या तळहातावर ठेवलं, तिच्या बोटांवर माझी बोटं मिटली आणि ते फूल आम्ही दोघींनी मिळून देवाच्या पायांवर वाहिलं.